विश्लेषण : जुने मोठे रिमोट विमान पुन्हा उडवायचे, तर रंगाचा डबा सर्वांत शेवटी का?

बोईसरलगतच्या बेटेगावात किंवा पालघर जिल्ह्यातील अशाच एखाद्या गावात, घराच्या माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले जुने मोठे रिमोट विमान सापडले, की पहिला विचार येतो तो रंगाचा. धूळ झटकायची, सुटलेले आवरण इस्त्रीने पुन्हा चिकटवायचे, वरून चकचकीत रंग मारायचा आणि भातकापणीनंतर शेते मोकळी झाली की उडवायचे. काम आठवडाभराचे वाटते. पण अशा विमानाच्या बाबतीत हाच क्रम सर्वांत धोकादायक ठरतो. नवा रंग जुने दोष दुरुस्त करत नाही, तो ते झाकतो. शिवाय रंगाला वजन असते आणि ते वजन विमानाच्या उडण्यावर थेट परिणाम करते. जुने विमान नव्याने उभे करायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, कोणत्या क्रमाने आणि का, याचा हा आढावा.

‘मोठे’ रिमोट विमान म्हणजे किती मोठे?

खेळण्याच्या दुकानातील विमान आणि हे विमान यांत मोठा फरक आहे. हौशी विमानबांधणीच्या जगात एका पंखाच्या थराचे विमान ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर किंवा त्याहून अधिक पंखविस्ताराचे असेल, तर ते ‘जायंट स्केल’ मानले जाते. दुपंखी, म्हणजे वर-खाली दोन पंख असलेल्या विमानासाठी ही मर्यादा ६० इंचांची आहे.

उदाहरणासाठी ‘पुष्पक’ घेऊ. मराठी विमानशास्त्रज्ञ डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरुच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत घडलेले हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये प्रथम उडाले आणि पुढे देशभरातील फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरले गेले. मूळ पुष्पकचा पंखविस्तार सुमारे ११ मीटर. त्याची एक चतुर्थांश प्रतिकृती केली, तर पंख पावणेतीन मीटरचे होतात, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर भरते आणि इंजिनासह वजन सात-आठ किलोवर जाते. या लेखातील सगळे हिशेब अशाच आठ किलोच्या विमानाचे आहेत.

आठ किलोचे विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्यातील ऊर्जा सुमारे २५०० ज्यूल असते. साध्या भाषेत, दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून आठ किलोचा दगड खाली पडावा, तेवढी. पुढे फिरणारा २० इंचांचा पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी पावणेसहाशे किलोमीटरच्या घरात जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका बागेत १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचे पाते लागून मृत्यू झाला होता. त्यामुळे अशा विमानाची डागडुजी हा छंद असला, तरी तिच्याकडे खेळ म्हणून पाहता येत नाही.

माळ्यावर ठेवलेल्या विमानाला नेमके काय होते?

अशा विमानांचा सांगाडा मुख्यतः बाल्सा लाकडाचा असतो. हे झाड उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असून बाजारातील बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येते. एका घनमीटर बाल्साचे वजन साधारण १०० ते २०० किलो भरते, सागवानाचे त्याच्या तिपटी-चौपटीहून जास्त. जेथे ताण जास्त, तेथे प्लायवुड किंवा अधिक कठीण लाकडाच्या पट्ट्या वापरतात. पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी तुळई म्हणजे ‘स्पार’ आणि तिच्यावर आडव्या बसवलेल्या फासळ्या, अशी रचना असते. त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म किंवा कापड ताणून बसवलेले असते.

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. हवेतील आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकडात वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी असते. पालघरच्या पावसाळ्यासारखी ८५ टक्के आर्द्रता महिनाभर राहिली, तर हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास जाते. दरवर्षी फुगणे आणि आक्रसणे चालू राहिले, की गोंदाचे सांधे सैल होतात. त्यात उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावरची उष्णता. या उष्णतेत पांढरा गोंद मऊ पडतो, ताणाखालचा सांधा हळूहळू सरकतो आणि पंखाला पीळ बसतो.

समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने चाकांच्या पोलादी तारा, नियंत्रणाच्या सळ्या आणि स्क्रू गंजतात. वायरी उंदीर कुरतडतात. कुंभारीण माशी इंजिनाच्या धुराड्यात, हवेच्या छिद्रात मातीचे घर बांधते. लाकडाला घुण लागलेला असेल, तर बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली पडलेला बारीक भुसा एवढीच खूण दिसते. आत स्पार पोखरलेला असू शकतो.

काम सुरू करताना आधी काय करायचे?

पहिली पायरी म्हणजे विमान जसे आहे तसे वजन करणे आणि ते लिहून ठेवणे. धड, दोन्ही पंख, शेपटीचे भाग यांची वेगवेगळी वजनेही घ्यायची. उजवा-डावा पंख वजनात फार वेगळे भरले, तर एखाद्या पंखात जुनी दुरुस्ती, पाणी किंवा तेल आहे असा संशय घेता येतो. वजन पावसाळ्यात केले असेल, तर ओलाव्याची वाढ धरावी लागते. सांगाड्यात दोन किलो कोरडे लाकूड असेल, तर वर दिलेल्या फरकामुळे सुमारे १८० ग्रॅम वजन केवळ हवेतल्या पाण्यामुळे वाढू शकते.

दुसरी पायरी छायाचित्रांची. कोणती वायर कोठे जाते, कोणती सळी कोणत्या छिद्रात आहे, समतोल बिंदू कोठे आहे, हे सुटे करण्यापूर्वी टिपले नाही, तर जोडताना आठवत नाही.

तिसरी पायरी म्हणजे जुन्या बॅटऱ्या लगेच बाहेर काढणे. त्या चालू आहेत का हे पाहत बसायचे नाही.

त्यानंतर हाताने तपासणी. पंख दोन्ही टोकांना धरून हलका पीळ द्यायचा आणि कान लावायचा. करकर किंवा टक् असा आवाज आला, तर सांधा सुटलेला आहे. बोटाने ठोकत गेले, की चांगल्या जागी कोरडा, भरीव आवाज येतो, तर सुटलेल्या जागी पोकळ आणि खुळखुळा. पंख धडाला जोडणारी नळी, चाकांचा आधार आणि इंजिन ज्या प्लायवुडच्या पाटीवर बसते ती पाटी, या तीन ठिकाणी विमानाचा जवळपास सगळा ताण येतो. त्यामुळे तपासणीतला सर्वाधिक वेळ याच तीन ठिकाणी द्यावा लागतो.

जुने आवरण पूर्ण काढायलाच हवे का?

येथेच बहुतेकांचा हात अडतो, कारण आवरण बाहेरून ठीक दिसत असते. पण दहा वर्षांहून जुन्या, इतिहास माहीत नसलेल्या विमानाचे आवरण काढल्याशिवाय आतला स्पार दिसत नाही. निदान पंखाचा मधला भाग, चाकांभोवतीचा भाग आणि शेपटीचा बुंधा एवढे तरी उघडावेच लागते. फिल्म हीट गनने किंचित गरम केली की गोंद मऊ होतो आणि ती लाकडाला समांतर, मागे दुमडून ओढता येते. काटकोनात वर ओढली, तर बाल्साचे तंतू सोबत निघून येतात.

आवरण निघाल्यावर जुन्या दुरुस्त्या उघड्या पडतात. कधी तुटलेला स्पार केवळ सुपर ग्लू ओतून चिकटवलेला सापडतो, कधी फासळीच्या जागी जाडजूड प्लायवुड आणि भरपूर इपॉक्सी. पहिली दुरुस्ती कमकुवत, दुसरी विनाकारण जड. दोन्ही काढून नव्याने कराव्या लागतात.

तेल प्यालेल्या लाकडाचे काय करतात?

लहान इंजिनांचे ‘ग्लो’ इंधन मिथेनॉल, तेल आणि काही प्रमाणात नायट्रोमिथेन यांचे असते. मोठी इंजिने पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळून चालतात. दोन्हींत तेल असल्याने ते धुराड्यातून उडून विमानाच्या पोटावर बसते आणि आवरणाच्या फटीतून लाकडात मुरते. असे लाकूड काळपट, मऊ आणि जड होते. त्यावर ना गोंद धरतो, ना फिल्म, ना रंग.

उपाय वेळखाऊ आहे. भागावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचा पातळ लेप लावायचा. अल्कोहोल तेलाला पृष्ठभागाकडे आणते, ते उडून जाते आणि पावडर तेल शोषून घेते. वाळलेला लेप ब्रशने झाडायचा आणि पुन्हा लावायचा. लेप पांढराच राहू लागला, की तेल निघाले असे समजायचे. चार-पाच फेऱ्यांनंतरही लाकूड नखाने दबत असेल, तर ते कापून नवे बसवणे हाच मार्ग उरतो. इंजिनाची पाटी तेलाने सुटली असेल, तर तिच्यावर वरून गोंद ओतण्यात अर्थ नसतो. उडताना ती निखळली, तर इंजिन आणि फिरता पंखा दोन्ही विमानापासून वेगळे होतात.

तुटलेले लाकूड कसे जोडायचे?

दोन तुकडे टोकाला टोक लावून चिकटवले, तर तो सांधा जवळपास निरुपयोगी असतो, कारण लाकडाची ताकद तंतूंच्या लांबीत असते. स्पारसारखा भाग जोडताना दोन्ही तुकडे तिरके तासून एकमेकांवर बसवतात. तिरक्या भागाची लांबी लाकडाच्या जाडीच्या किमान आठ पट, शक्य तर दहा-बारा पट ठेवतात. सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीला पाच-सात सेंटीमीटरचा तिरका सांधा लागतो तो यामुळे. दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवुडच्या पट्ट्या लावल्या, की सांधा पूर्ण होतो.

गोंदाची निवड जागेवर ठरते. फासळ्यांसारख्या हलक्या कामाला पांढरा गोंद किंवा सुपर ग्लू पुरतो. सुपर ग्लू पटकन धरतो, पण तो ठिसूळ असतो आणि इंजिनाच्या कंपनांत तडकतो. पाटी, चाकांचा आधार आणि पंखाचा मध्य येथे सावकाश घट्ट होणारा इपॉक्सीच वापरतात. पाच मिनिटांत धरणारा इपॉक्सी सोयीचा असला, तरी तो लाकडात मुरायच्या आत घट्ट होतो. तीस मिनिटांचा किंवा त्याहून सावकाश धरणारा त्यामानाने भरवशाचा.

लाकूडकामासाठी बाहेरगावी जावे लागत नाही, पण बाल्सा आणि फिल्म मात्र छंदाच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. चाकांची वाकलेली धातूची पट्टी किंवा इंजिनाचा कंस नवा करायचा असेल, तर तारापूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरात लेथ आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्यांची वानवा नाही. मात्र त्यांना जुना भाग दाखवून नव्याचे वजन त्याहून वाढता कामा नये, हे आधीच सांगावे लागते. अन्यथा काम मजबूत होते, पण ट्रॅक्टरला शोभेल असे.

आवरण कोणते निवडावे?

तीन पर्याय रूढ आहेत. पहिला, उष्णतेने आक्रसणारी रंगीत फिल्म. तिच्या एका बाजूला गोंद असतो. कमी तापमानाच्या इस्त्रीने ती कडेला चिकटवायची, मग तापमान वाढवून ताणून घ्यायची. कोणते तापमान हे प्रत्येक कंपनीच्या पाकिटावर दिलेले असते आणि ते पाळावे लागते. वजन चौरस मीटरला साधारण ५० ते ८० ग्रॅम. रंग लागत नाही, हा मोठा फायदा.

दुसरा, पॉलिस्टरचे कापड. ते चिकटवून गरम करून ताणतात आणि वर डोप किंवा रंग देतात. मूळ पुष्पकसारख्या कापडी विमानाची प्रतिकृती यानेच खरी वाटते. कापड फाटण्याला चांगला विरोध करते, पण रंगाचे वजन वाढते.

तिसरा, बाल्साच्या पातळ पत्र्याने पूर्ण झाकलेल्या भागांसाठी काचतंतूंचे कापड. चौरस मीटरला २५ ग्रॅमचे अगदी तलम कापड पसरून त्यावर पातळ इपॉक्सी रेझिन लावतात आणि जुन्या एटीएम कार्डाने किंवा टिश्यू रोलने जास्तीचे रेझिन काढून टाकतात. रेझिन कापडाच्या वजनाएवढेच उरले, तर काम चांगले झाले. कापडाची वीण दिसत असतानाच थांबायचे असते. ती वीण रेझिनने भरून गुळगुळीत करण्याच्या मोहात वजन दुपटीने वाढते.

पावसाळ्यात रंग का फसतो?

पालघरमध्ये जून ते सप्टेंबर हा काळ लाकूडकामाला मोकळा असतो, कारण उड्डाणे बंद असतात. रंगाला मात्र तोच काळ सर्वांत वाईट. डोप किंवा थिनरवाला रंग लावला, की थिनर वेगाने उडून जातो आणि पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल, तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरते आणि रंगावर पांढरट साय येते. कारागीर याला ‘ब्लश’ म्हणतात. ही साय फक्त दिसायला वाईट असते असे नाही. त्या थराची पकडही कमी असते. इपॉक्सीवरही दमट हवेत मेणचट थर येतो. तो साबणाच्या पाण्याने पुसला नाही, तर पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनर पाण्याशी क्रिया करतो आणि रंगात बुडबुडे उठतात.

त्यामुळे पावसाळ्यात तपासणी आणि लाकूडकाम, ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड पूर्ण कोरडे करणे आणि त्यानंतर आवरण व रंग, हा क्रम या भागाला सोयीचा ठरतो.

याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवाऱ्यातून ते श्वासात गेले, तर दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्यांना हे नवे नाही, पण घरच्या अंगणात तेच विसरले जाते. धुळीचा कापडी मास्क येथे कामाचा नाही. असा रंग योग्य श्वसनसाधने असलेल्या गाड्यांच्या रंगकाम केंद्रात मारून घेणे किंवा ब्रशने लावता येणारा पाण्यावर आधारित रंग निवडणे शहाणपणाचे. मात्र गाडीच्या रंगकाम करणाऱ्याकडे विमान देताना एक गोष्ट निक्षून सांगावी लागते : लांबी भरायची नाही. गाडीला पाव किलो लांबी आणि चार थर चालतात, विमानाला नाही.

रंगाचे वजन खरेच एवढे महत्त्वाचे असते?

हिशेब करून पाहता येतो. आपल्या विमानाच्या पंखांच्या दोन्ही बाजू, धड आणि शेपूट मिळून सुमारे साडेतीन चौरस मीटर पृष्ठभाग होतो. वाळल्यावर ३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तेहतिसाव्या भागाएवढा राहणारा रंगाचा एक थर चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम भरतो. म्हणजे पूर्ण विमानावर एका थराचे १४० ग्रॅम. प्रायमर, रंग आणि वर चमक असे तीन थर दिले की ४२० ग्रॅम. जुना रंग न काढता त्यावरच हे केले आणि जागोजागी लांबी भरली, तर आठ किलोचे विमान सहज पावणेनऊ किलोच्या पुढे जाते.

वजन १० टक्के वाढले, तर विमान हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ५ टक्के वाढतो. जमिनीला टेकताना विमानात असलेली ऊर्जा मात्र २१ टक्के वाढते, कारण वजन आणि वेगाचा वर्ग दोन्ही तिच्यात मोजले जातात. जुन्या चाकांच्या आधारावर हा धक्का येतो.

शेपटीवरचा रंग तर तिप्पट महाग पडतो. समतोल बिंदूपासून शेपूट १०५ सेंटीमीटर मागे आणि इंजिन ३५ सेंटीमीटर पुढे असेल, तर शेपटीवर वाढलेल्या ५० ग्रॅमसाठी नाकात १५० ग्रॅम शिसे भरावे लागते. एकूण वाढ २०० ग्रॅम. शिसे भरले नाही, तर समतोल बिंदू मागे सरकतो आणि विमान हाताबाहेर जाते. साध्या रचनेच्या विमानात हा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असतो. ४० सेंटीमीटर रुंद पंखासाठी १० ते १३ सेंटीमीटर. मूळ आराखडा उपलब्ध असेल, तर त्यातला आकडाच प्रमाण.

सर्वांत मोठा धोका आणखी वेगळा आहे. पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलणारे जे भाग असतात, त्यांच्यावर विमानाची दिशा अवलंबून असते. हे भाग बिजागरीच्या मागे जड झाले आणि सळ्यांमध्ये थोडीशी ढिलाई असेल, तर ठरावीक वेगाला ते आपोआप जोरात फडफडू लागतात. याला ‘फ्लटर’ म्हणतात. ही फडफड काही क्षणांत बिजागरी उखडते किंवा शेपूट मोडते. म्हणून हलणाऱ्या भागांवर रंग कमीत कमी, बिजागऱ्या नव्या आणि सळ्या कडक ठेवायच्या असतात. तपासणी सोपी आहे : सर्व्होची भुजा एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने त्या भागाची कड हलवून पाहायची. खुळखुळत असेल, तर भुजेचे झिजलेले छिद्र, सळीचे टोक किंवा बिजागरी यांपैकी काहीतरी बदलायचे आहे.

विजेचे आणि इंधनाचे भाग पुन्हा वापरता येतात का?

बॅटऱ्या कधीच नाहीत. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची ऋण टोकाची वायर आतून काळी पडत जाते. वरचे प्लास्टिक ठीक दिसते, पण आत तांबे उरलेले नसते. त्यामुळे बॅटरीबरोबर वायर आणि स्विचही बदलतात. फुगलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी चार्ज करून पाहणे म्हणजे आगीला आमंत्रण. ती ई-कचरा संकलनाकडे द्यायची.

सर्व्हो म्हणजे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी. त्या एकेक करून पूर्ण फिरवून पाहायच्या. मध्येच अडखळणारी, थरथरणारी किंवा दातांचा आवाज करणारी बाद. ट्रान्समीटर आणि रिसिव्हर जुन्या पद्धतीचे असतील, तर २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच घेणे चांगले. हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. इंधनाच्या नळ्या कडक झालेल्या असतात आणि पेट्रोल इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा ताठर होतो. हे दोन्ही स्वस्त भाग असल्याने न तपासता बदलतात.

शेवटी, इंजिन चालू ठेवून कमी शक्तीच्या सिग्नलवर सुमारे ३० मीटर अंतरावरून सगळे भाग नीट हलतात का, हे पाहतात. ट्रान्समीटर बंद केला तर इंजिन आपोआप मंद होते का, हेही विमान बांधून ठेवून तपासतात.

मग उडवायचे कोठे? कायदा काय सांगतो?

बेटेगावच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १९६९ पासून वीज देणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र याच भागात आहे. शिवाय पश्चिम रेल्वेचा मार्ग, उच्चदाबाच्या वीजवाहिन्या आणि औद्योगिक वसाहत. मोकळे शेत दिसले म्हणून वरचे आकाशही मोकळे, असे येथे गृहीत धरता येत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत रिमोट विमानेही येतात. केवळ शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा विरंगुळ्यासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला ‘मॉडेल’ मानून त्याला प्रकार प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. याचा अर्थ सगळीच सूट असा नाही. वैमानिक प्रमाणपत्रातील बिगर-व्यावसायिक सूट दोन किलोपर्यंतच आहे, आठ किलोचे विमान त्यात बसत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचे ‘नॅनो’ वगळता त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही लागतो. डिजिटल स्काय मंचावरील नकाशात आकाश हिरवे, पिवळे आणि लाल अशा भागांत विभागले आहे. लाल भागात केंद्र सरकारच्या आणि पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हिरव्या भागातही सर्वसाधारण मर्यादा १२० मीटर उंचीची आहे. नियमांत दुरुस्त्या होत असतात. म्हणून प्रत्येक हंगामाच्या आधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आणि नकाशा पाहणे आवश्यक आहे. उत्तर ‘नाही’ आले, तर विमान गाडीत घालून परवानगी असलेल्या मैदानावर नेणे एवढाच मार्ग उरतो. जोडणी सुटी करता येईल अशी ठेवणे हाही म्हणूनच डागडुजीचा भाग.

प्रकार प्रमाणपत्र नाही, म्हणजे तपासणार कोण?

कांदिवलीतील चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. २०१८ मध्ये त्यांच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला, तेव्हा पालघरचे नावही विमाननिर्मितीशी जोडले गेले. पण त्या विमानाला नोंदणी मिळण्यासाठी २०१७ उजाडावे लागले होते. माणसे नेणाऱ्या विमानाची कागदोपत्री आणि प्रत्यक्ष तपासणी अशी वर्षानुवर्षे चालते. २५ किलोच्या आतील छंदाच्या विमानाला यातले बरेच काही लागत नाही. ते बांधणारा, दुरुस्त करणारा, तपासणारा आणि उडवणारा माणूस बहुतेकदा एकच असतो.

म्हणून अनुभवी हौशी मंडळी पहिल्या उड्डाणापूर्वी विमान दुसऱ्या जाणकाराच्या हाती देतात. महाराष्ट्रात अनेकांना बाल्साची पहिली ओळख एनसीसीच्या हवाई विभागात होते. तेथे विमान-प्रतिकृती हा प्रशिक्षणाचा आणि स्पर्धांचा भाग आहे. असे कोणी ओळखीचे असेल, तर त्याला बोलवावे. ज्याने स्वतः महिनाभर रंग घासला, त्याला सैल बिजागरी दिसत नाही. त्रयस्थाला दिसते.

आणि दुरुस्त होण्यासारखे नसेल तर?

स्पार घुणाने पोखरलेला, इंजिनाची पाटी तेलाने कुजलेली आणि पंखाला न निघणारा पीळ, या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या, तर दुरुस्तीपेक्षा नवे विमान बांधणे कमी खर्चाचे आणि कमी धोक्याचे ठरते. जुन्याचे इंजिन, चाके आणि आराखडा नव्याला उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा अर्धा उघडा, अर्धा झाकलेला ठेवून शाळेच्या प्रयोगशाळेत टांगला, तर विमानाच्या आत काय असते हे मुलांना पाहता येते. अशा विमानाला मग हवा तेवढा जाड, हवा तेवढा चकचकीत रंग मारायला काहीच हरकत नाही.